कन्याशाळा (महाराष्ट्रातील मुलींच्या स्वतंत्र शिक्षणसंस्था)

कन्याशाळा : केवळ मुलींना प्रवेश देणारी आणि मुलांच्या शाळेची शाखा म्हणून नव्हे, तर स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणारी शिक्षणसंस्था. महाराष्ट्रात या प्रकारात मिशनच्या शाळा, समाजसुधारकांनी वर्गणीतून उभ्या केलेल्या शाळा, विधवा व परित्यक्ता स्त्रियांसाठीचे निवासी आश्रम, महिला विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आणि अलीकडच्या सरकारी निवासी बालिका विद्यालयांचा समावेश होतो. अशा शाळांचे समर्थन बहुधा सुरक्षितता, संकोचाचा अभाव आणि पालकांची संमती या तीन कारणांनी केले जाते. परंतु येथील सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास पाहता, मुलींना मुलांपासून वेगळे बसवण्यापेक्षा वर्ग, वसतिगृह, हिशेब आणि मुख्याध्यापकाची खुर्ची स्त्रियांच्या हाती आली, हे या संस्थांचे अधिक टिकाऊ फलित ठरते.

प्रारंभ : पश्चिम भारतात मुलींच्या शाळा प्रथम मिशनऱ्यांनी काढल्या. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा सुरू केली, तर जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनी १८२९ नंतर त्याच शहरात अनेक शाळा चालवल्या. एतद्देशीयांनी चालवलेल्या शाळांचा आरंभ पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी काढलेल्या शाळेपासून मानला जातो. ही शाळा १ जानेवारीला सुरू झाली की त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १८५१ व १८५२ मध्ये फुले दांपत्याच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या आणखी शाळा निघाल्या आणि नोव्हेंबर १८५२ मध्ये विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा सत्कार झाला. या कामातील सहकारी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या फातिमा शेख यांच्या सहभागाविषयीचे समकालीन पुरावे तुटपुंजे आहेत.

या शाळांतून नेमके काय घडले याचा सर्वांत बोलका पुरावा एका विद्यार्थिनीच्या हातचा आहे. मांग समाजातील मुक्ता साळवे हिने चौदाव्या वर्षाच्या सुमारास मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपल्या लोकांना धर्मग्रंथ वाचण्याची मनाई असेल तर आपला धर्म तरी कोणता, असा प्रश्न ती त्यात विचारते. पुढील काळात ज्या कन्याशाळा नामांकित झाल्या, त्यांच्या स्मरणिकांत मुक्ताचा उल्लेख क्वचितच आढळतो, कारण त्या शाळांतील विद्यार्थिनींचा सामाजिक वर्ग बहुतांशी वेगळा होता.

मुंबईत स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने १८४९ मध्ये मराठी व गुजराती मुलींसाठी शाळा काढल्या. माणकजी खर्शेटजी यांची अलेक्झांड्रा शाळा १८६३ मधील आहे.

हुजूरपागा : मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा प्रश्न खऱ्या अर्थाने ऐरणीवर आणला तो पुण्यातील महाराष्ट्र गर्ल्स एज्युकेशन सोसायटीच्या शाळेने. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे, वामन आबाजी मोडक, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदींच्या पुढाकाराने ही शाळा २९ सप्टेंबर १८८४ रोजी सुरू झाली आणि पेशव्यांच्या खास घोडदळाची पागा जेथे होती त्या जागी लवकरच हलल्यामुळे हुजूरपागा या नावाने ओळखली जाऊ लागली. पहिल्या मुख्याध्यापिका मिस हर्फर्ड या होत्या. मुलींसाठी हायस्कूल हवे, अशी मागणी करणारे इंग्रजी निवेदन गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर न्यायमूर्तींच्या पत्नी रमाबाई रानडे यांनी वाचले. भरसभेत पुरुषांदेखत, तेही इंग्रजीत, बोलल्याबद्दल घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी त्यांना कसे धारेवर धरले आणि आपण ते कसे मुकाट्याने ऐकून घेतले, याचे वर्णन त्यांच्या आठवणींत आहे. शाळेला विरोध केवळ पुरुषांचा नव्हता, हे ध्यानात घेण्यासाठी तो प्रसंग उपयोगी पडतो.

शाळेवर झालेल्या टीकेचा मुख्य रोख मुली शिकतात यावर नव्हता, तर त्या किती तास आणि काय शिकतात यावर होता. शाळा मुलांच्या शाळेप्रमाणे सकाळी ११ ते सायंकाळी ५ भरत असे आणि इंग्रजी, गणित, शास्त्र हे विषय मुलांच्या तोडीने शिकवले जात. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून बाळ गंगाधर टिळक यांनी या वेळापत्रकाला व अभ्यासक्रमाला कडाडून आक्षेप घेतला. सासरी असलेली मुलगी दिवसभर घराबाहेर राहिली तर घरकाम कोणी करायचे, म्हणून शाळा तीन तासांची असावी आणि तीत मातृभाषा, धर्मशिक्षण, शिवणकाम व गृहव्यवस्था यांवर भर असावा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. टिळकांच्या चरित्रकारांनी हा वाद सुधारणेच्या वेगाविषयीचा होता असे म्हटले आहे, तर स्त्रीशिक्षणाच्या अलीकडच्या अभ्यासकांनी तो मूलतः अभ्यासक्रम वेगळा ठेवण्याविषयीचा होता असे दाखवले आहे. कोणतेही मत स्वीकारले तरी वेळापत्रकाची लढाई शाळेने जिंकली, ही गोष्ट उरतेच. मुलगी दिवसाचे सहा तास घरच्या कामातून मोकळी असणे हा त्या काळी पुस्तकांइतकाच मोठा लाभ होता, आणि ही सवलत मुलींच्या शाळेच्या नावाखालीच मिळू शकत होती, सहशिक्षणाच्या शाळेला ती कोणी दिली नसती.

वसतिगृहामुळे शाळेचा पल्ला पुण्याबाहेर गेला. ब्रह्मदेशात जन्मलेल्या इरावती कर्वे (१९०५–१९७०) लहानपणी शिक्षणासाठी पुण्यास हुजूरपागेत आल्या आणि पुढे मानववंशशास्त्राच्या भारतातील अग्रगण्य अभ्यासक झाल्या. रेल्वेने जोडलेल्या गावांतील नोकरदार कुटुंबांना मुलगी पाठवण्यास असे एखादे ठिकाण असणे महत्त्वाचे होते.

आश्रम व विद्यापीठ : पंडिता रमाबाई यांनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले आणि ते पुढील वर्षी पुण्यास हलवले, तेथील मुलींच्या धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले. या सदनाच्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांचा त्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापली, १९०० मध्ये आश्रम हिंगणे येथे नेला आणि १९०७ मध्ये तेथे महिला विद्यालय सुरू केले. आरंभी आश्रमात प्रामुख्याने ब्राह्मण विधवांनाच प्रवेश होता.

जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका हाती आल्यावर कर्वे यांनी डिसेंबर १९१५ मध्ये सामाजिक परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात तशाच विद्यापीठाची कल्पना मांडली आणि पुढच्याच वर्षी ती प्रत्यक्षात आणली. मातृभाषेतून उच्च शिक्षण देणे हे त्याचे धाडसी अंग होते. गृहजीवनशास्त्र व आरोग्य हे विषय आवश्यक ठेवणे हे तडजोडीचे. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिल्यावर विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. कायद्याने मान्यता मात्र स्वातंत्र्यानंतर, १९५१ मध्ये मिळाली. ज्या वेगळ्या अभ्यासक्रमाची मागणी हुजूरपागेच्या टीकाकारांनी केली होती, त्याचा काही अंश येथे स्त्रीशिक्षणाच्या कैवाऱ्यांनीच स्वीकारला, ही विसंगती नोंदवण्यासारखी आहे. ती सुसह्य झाली ती संस्थेच्या कारभारामुळे. पार्वतीबाई आठवले विधवा होऊन आश्रमात आल्या, वयाच्या विशीनंतर शिकल्या, वर्गणी गोळा करीत गावोगाव हिंडल्या आणि इंग्रजी जेमतेम येत असताना १९१८ मध्ये अमेरिकेस गेल्या. स्त्रियांच्या संस्थेखेरीज अशा बाईंना त्या काळी कोणी जबाबदारीच्या पदावर बसवले असते, असे मानण्यास आधार नाही.

सेवासदन, पुणे (१९०९) : रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील ही संस्था प्रौढ स्त्रियांचे शिक्षण, परिचारिका व शिक्षिका प्रशिक्षण यांसाठी प्रसिद्ध आहे.

उर्दू माध्यम : मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेने मुलींच्या स्वतंत्र शाळा चालवल्या आहेत.

अभ्यासक्रमाचा वाद व धोरण : मुलींसाठी वेगळे विषय असावेत काय, या प्रश्नाचा राष्ट्रीय पातळीवर निकाल हंसा मेहता समितीने लावला. राष्ट्रीय स्त्रीशिक्षण परिषदेने १९६१ मध्ये नेमलेल्या या समितीने, लिंगभेदावर आधारित अभ्यासक्रम ठेवू नये आणि प्राथमिक स्तरावर सहशिक्षण हेच सर्वसाधारण धोरण असावे, अशी शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) अभ्यासक्रमाबाबतच्या तिच्या भूमिकेस दुजोरा दिला. त्यानंतर कन्याशाळा टिकून राहिल्या, पण त्यांचे वेगळेपण प्रवेशापुरते उरले. पालकांच्या मनातील वेगळेपण अर्थातच एवढ्याने संपले नाही.

संशोधनातील निष्कर्ष : केवळ मुलींच्या शाळेत शिकल्याने गुणवत्ता वाढते काय, याचे ठाम उत्तर उपलब्ध नाही. २०१४ मध्ये पाल्के, हाइड व ॲलिसन यांनी २१ देशांतील १८४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा कुटुंबाची आर्थिक स्थिती व शाळेची निवड यांचा परिणाम वगळल्यावर फरक नगण्य राहतो असे दिसले. याउलट सोल शहरात विद्यार्थ्यांना चिठ्ठीने शाळा नेमून दिल्या जात असल्याने तेथील तुलना अधिक विश्वसनीय मानली जाते, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेथील एका अभ्यासात स्वतंत्र शाळांतील विद्यार्थ्यांचे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण अधिक आढळले. भारतातील प्रश्न बहुधा याच्या आधीच्या पायरीवर अडतो. बिहारमध्ये मुलींना सायकली दिल्यानंतर माध्यमिक शाळेतील त्यांची पटनोंदणी सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे मुरलीधरन व प्रकाश यांनी दाखवले. वयात आलेल्या मुलींच्या बाबतीत स्वतंत्र स्वच्छतागृह असणे निर्णायक ठरते, असे अंजली अदुकिया यांच्या अभ्यासात दिसून आले. म्हणजे स्वतंत्र शाळेकडून अपेक्षिलेले काही लाभ सायकल, एसटीचा पास आणि स्वतंत्र स्वच्छतागृह यांतूनही साधतात. महाराष्ट्रात ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा मोफत पास मिळतो. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्कही माफ झाले आहे.

उल्हास व बारवी खोरे : ठाणे जिल्ह्यातील या पट्ट्याचे नाव स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात येते ते कल्याणमुळे. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याण येथे झाला. पती गोपाळराव यांनी त्यांना शिकवले, हे सर्वश्रुत आहे. मात्र ज्या संस्थेने त्यांना मार्च १८८६ मध्ये वैद्यकीय पदवी दिली, ते फिलाडेल्फियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज केवळ स्त्रियांचे होते, हे चरित्रांत ओझरते येते. इतर बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये स्त्रियांना घेत नसत म्हणून ते १८५० मध्ये निघाले आणि १९७० पर्यंत स्त्रियांपुरतेच राहिले. १८८५ मध्ये तेथे काढलेल्या छायाचित्रात साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केइको ओकामी आणि पारंपरिक वेशातील दमास्कसच्या साबात इस्लामबूली या तिघी एकत्र दिसतात. तीन देशांतील या विद्यार्थिनींना त्या वेळी प्रवेश देणाऱ्या संस्था हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

फाळणीनंतर कल्याण कॅम्पात वसलेल्या सिंधी निर्वासितांच्या संस्थांनी उल्हासनगरात काढलेल्या आणि औद्योगिकीकरणाबरोबर अंबरनाथ-बदलापुरात वाढलेल्या शाळा बहुतेक सहशिक्षणाच्या आहेत. महाविद्यालयीन मुली लोकलच्या महिला डब्यातून प्रवास करून सहशिक्षणाच्या वर्गात बसतात, आणि या व्यवस्थेत कोणाला विसंगती वाटत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाल्यानंतर २० ऑगस्टला नागरिकांनी रेल्वे रोखली व मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरच्या शासकीय उपायांत कर्मचाऱ्यांची चारित्र्यपडताळणी, कॅमेरे आणि सखी सावित्री समित्या यांवर भर होता.

याच पट्ट्यातील बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाने बांधले, ते १९७२ मध्ये पूर्ण झाले आणि नंतर त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली. त्याच्या पाण्यावर उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीचे कारखाने व महानगरांचा काही भाग अवलंबून आहे. धरणाभोवतीच्या मुरबाड व अंबरनाथ तालुक्यांतील ठाकूर व कातकरी वाड्यांतील कुटुंबे, विशेषतः कातकरी, दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुली सोबत जातात त्या धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी. या मुलींसाठी निर्णायक ठरते ती वसतिगृहाची सोय : आदिवासी विकास विभागाच्या शहापूर प्रकल्पाखालील आश्रमशाळांत शिक्षण बहुधा एकत्र असले तरी राहण्याची जागा वेगळी असते. शैक्षणिकदृष्ट्या मागास तालुक्यांतील मुलींसाठी २००४ मध्ये केंद्राने सुरू केलेली आणि २०१८ पासून समग्र शिक्षा अभियानात सामावलेली कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय योजना याच तत्त्वावर उभी आहे. तिच्यात वेगळेपणाइतकाच निवासाला अर्थ आहे, कारण भट्टीवर गेलेल्या मुलीला गावातील कोणतीही शाळा, सहशिक्षणाची असो वा मुलींची, सारखीच लांब पडते.