पागा मोडते तेव्हा

घोड्यांची पागा विकायला काढली, तर नेमके काय विकायचे? घर विकता येते, शेत विकता येते. चतुःसीमा लिहिल्या, चार साक्षी घातल्या, की व्यवहार पुरा होतो. पागेचे तसे नाही. कुरण विकले तर घोडे उपाशी मरतात. घोडे विकले तर कुरणात नुसते गवत उरते. आणि दोन्ही विकली, तरी नालबंद, मोतद्दार, शिंगराच्या तोंडात पहिला लगाम चढविणारा चाबूकस्वार, यांच्या हातातले कसब कोणत्या खरेदीखतात लिहावयाचे?

हा प्रश्न मला पडतो तो सुर्जी अंजनगावचा तह वाचताना आणि मुलांना शिकविताना. पूर्णेच्या खोऱ्यात, शहानूर नदीच्या काठी वसलेले हे आमच्या वऱ्हाडातले जोडगाव. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, त्या रांगेत गाविलगड. गावाची ओळख विचाराल तर कोणी पानमळे सांगेल, कोणी पानपिंपरी सांगेल, भाविक माणूस देवनाथांचा मठ सांगेल. परंतु हिंदुस्थानच्या इतिहासात हे नाव आहे ते ३० डिसेंबर १८०३ या तारखेमुळे. त्या दिवशी येथे जनरल आर्थर वेलस्लीने दौलतराव शिंद्यांच्या वकिलांशी तह केला. त्याच्या तेराच दिवस आधी, १७ डिसेंबरला, जवळच्या देवगावी नागपूरकर रघूजी भोसल्यांशी तह झाला होता. दोन आठवड्यांच्या आत, आणि फार तर दोन मजलांच्या टापूत, मराठ्यांच्या दोन मोठ्या दौलतींनी कंपनीपुढे मान तुकविली.

तहात काय गेले, हे मुलांना पाठ असते. गंगा-यमुनांचा अंतर्वेद गेला. जयपूर, जोधपूरच्या उत्तरेकडचा मुलूख गेला. भडोच गेले, अहमदनगर गेले, अजिंठ्याच्या डोंगराखालचा दक्षिणेकडील मुलूख गेला. परत मिळाले ते असीरगड, बऱ्हाणपूर, पावागड, दाहोद आणि त्यांना लागून असलेला खानदेश व गुजराथेतला प्रांत. कलमामागून कलम जमिनीचे. घोड्याचे कलम त्यात शोधून सापडत नाही.

तरी एका कलमात घोडा आहे, मात्र नावाने नाही. शिंद्यांची दक्षिणेत जुनी इनामे होती. चांभारगोंदे, म्हणजे आजचे श्रीगोंदे, आणि जामगाव ही त्यांतली मुख्य ठाणी. जामगावी महादजींचा वाडा अजून उभा आहे. ही इनामे शिंद्यांकडेच राहावीत, असे तहाने मान्य केले. अट एकच होती: वसुलीच्या निमित्ताने असो वा अन्य कोणत्याही निमित्ताने असो, तेथे फौज म्हणून कधी आणावयाची नाही. गाव तुमचे, वसूल तुमचा, पण स्वार नको. हा सारा टापू घोड आणि भीमा या नद्यांच्या आसपासचा. भीमथडी तट्टांचा मुलूख. ज्या भूमीने शिंद्यांना घोड्यावर बसविले, ती भूमी त्यांच्यापाशी ठेवून वेलस्लीने घोडा तेवढा काढून घेतला. माझ्या मते या तहातले सर्वांत मर्मभेदी कलम हेच होय.

त्याचे मर्म कळावयाचे तर पागा म्हणजे काय, हे आठवावे लागेल. शिवाजीमहाराजांच्या घोडदळाची रचना सभासदाने नोंदविली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगीर तो, ज्याचा घोडा सरकारी पागेतला. शिलेदार तो, जो आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीस येई. पावसाळ्यात लष्कर छावणीस येई. दाणा, वैरण, औषध यांची तजवीज आधीच केलेली असे. दसरा झाला की स्वारी निघे. ही व्यवस्था लढाईइतकीच शेतीची आणि पशुपालनाची होती, हे आपण विसरतो. तलवार म्यानात ठेवता येते. घोडा रोज चंदी मागतो.

महाराजांचा कल सरकारी पागेकडे होता. पुढे पेशवाईत राज्य पसरले तसा शिलेदारांचा भरणा वाढला. घोडा बाळगण्याचा खर्च सरकारने शिलेदाराच्या अंगावर टाकला आणि मोहिमेपूर्वी त्याला ‘नालबंदी’ म्हणून आगाऊ रक्कम देऊ लागले. नालबंदी उचलायची, घोडा घ्यायचा, मोहीम फत्ते झाली तर फेडायचे, नाही तर पुढल्या दसऱ्याची वाट पाहायची. आमच्या कास्तकाराला हा हिशोब समजावून सांगण्याची गरज नाही. बैलाच्या जागी घोडा घातला की झाले.

आता या धंद्याचे भांडवल पाहा. घोडीच्या पोटात शिंगरू अकरा महिने असते. जन्मल्यावर त्याने लढाईचा स्वार पेलावा म्हणजे चार वर्षे तरी जावी लागतात. एक घोडा मेला, की घरची पाच वर्षे मेली. विकत घ्यावा तर अरबस्तानातून, इराणी आखातातून येणारे घोडे सुरत-मुंबईच्या बाजारात उतरत आणि साध्या शिलेदाराच्या ऐपतीबाहेरचे असत. लढाईत घोडा पडला, तर सरकार भरपाई देईलच, अशी खात्री नसे. म्हणून शिलेदार घोड्याला जपे. तोफेच्या तोंडावर घोडा घालण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांपुढे आपले घर येई. इंग्रज लेखकांनी याला कधी भ्याडपणा म्हटले, कधी लुटीचा लोभ म्हटले. मला तो कर्जदार माणसाचा साधा हिशोब वाटतो. ज्याचा घोडा सरकारचा, त्याने जिवावर उदार व्हावे. ज्याचा घोडा स्वतःचा, त्याने जीव देऊनही मागे बायकामुलांना उपास ठेवावा, हे मागणे सोपे नाही.

महादजी शिंद्यांनी ही दुबळी बाजू ओळखली होती. फ्रेंच भाषा बोलणाऱ्या द बॉइन्यच्या हाती कवायती कंपू देऊन त्यांनी उत्तर हिंदुस्थान जिंकला. परंतु कंपूला रोख पगार लागे, तोफांना कारखाने लागत, आणि तो पैसा ज्या मुलखातून येई तो अंतर्वेद. महादजी १७९४ साली वारले, द बॉइन्य त्यानंतर दोन वर्षांच्या आत निघून गेला, आणि १८०३ साली कसोटी आली. २३ सप्टेंबरला असईच्या रणात शिंद्यांच्या तोफा आणि पायदळ इतक्या निकराने लढले, की वेलस्ली ती लढाई जन्मभर विसरला नाही. घोडदळाचा अफाट समुदाय मात्र निर्णायक क्षणी उपयोगी पडला नाही. २९ नोव्हेंबरला आमच्याच वऱ्हाडात अडगावी तेच झाले. दिवस मावळला, आणि चांदण्यात कंपनीच्या स्वारांनी पाठलाग केला. त्या पाठलागात म्हैसूरकरांचे स्वारही होते. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला.

असईच्या लढाईत वेलस्लीच्या अंगाखालचा एक घोडा ठार झाला आणि दुसरा, डायोमेड नावाचा त्याचा आवडता अरबी घोडा, भाल्याने जखमी होऊन मराठ्यांच्या हाती लागला. तह झाल्यावर तो सापडला, आणि जॉन माल्कमने पैसे मोजून तो सोडविला व धन्याकडे धाडून दिला. जिंकणाऱ्याचा घोडा असा परत आला. हरणाऱ्यांच्या घोड्यांचे काय झाले, हे सांगणारा माल्कम त्यांच्यात नव्हता.

ते घोडे कोठे गेले? काही तर कंपनीकडेच गेले. दिल्लीच्या लढाईनंतर शिंद्यांच्या चाकरीतले हिंदुस्थानी स्वार जनरल लेककडे आले. त्यांनी आपला सरदार म्हणून पूर्वी शिंद्यांच्याच नोकरीत असलेल्या जेम्स स्किनरची निवड केली. जून १८१७ च्या पुणे तहात पेशव्याने पाच हजार स्वार आणि तीन हजार पायदळ यांच्या खर्चासाठी चौतीस लाखांचा मुलूख तोडून दिला आणि त्यातून ‘पूना हॉर्स’ उभे राहिले. कंपनीने आपली शिलेदारी मोडली असे आपण म्हणतो. खरे पाहता तिने ती उचलली. तिच्या बेकवायती रिसाल्यांत ‘सिल्लदार’ पद्धत चालू राहिली: स्वाराने घोडा आणावा, सरकारने दरमहा द्यावा. रिसाल्यातील स्वाराच्या जागेला ‘असामी’ म्हणत. ही असामी मालमत्ता झाली. ती विकता येई, विकत घेता येई. एकेका देशी अंमलदारापाशी अनेक असाम्या असत आणि त्यांवर तो आपले बारगीर बसवी. मोडलेली पागा विकायची कशी, याचे उत्तर कंपनीच्या राज्यात असे निघाले. कुरण राहिले बाजूला, गाव राहिले बाजूला. एकेक जागा सुटी करून विकली गेली.

ज्यांना असामी मिळाली नाही, ते रस्त्यावर आले. घोडा आहे, चाकरी नाही, आणि चंदी तर रोज हवी. पेंढारी पूर्वीही होतेच. या बेकारीने त्यांचे थवे फुगले. १८१६ साली ते थेट गुंटूरपर्यंत धावले. १८१७-१८ च्या मोहिमेत त्यांचा निःपात झाला. त्यांचा नायक चितू नर्मदेकाठच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला, तेव्हा प्रथम सापडला तो त्याचा घोडा, खोगीर-लगामासह चरत असलेला. त्याच्यावरून शोध घेतला तेव्हा धन्याचे अवशेष मिळाले. मराठी घोडदळाच्या अखेरीचे याहून बोलके चित्र मला ठाऊक नाही: खोगीर कसलेले आहे, आणि वर कोणी नाही.

आता आमच्या वऱ्हाडाकडे वळू. देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला आणि निजामाचा झाला. निजामाच्या पदरी इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली तैनाती फौज उभी राहिली. तिच्यात शिलेदारी रिसाले होते आणि आमचे एलिचपूर तिचे एक ठाणे होते. तिचा पगार थकला, कर्ज चढले. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हाती दिले. फौज किती? पाच हजार पायदळ, दोन हजार स्वार आणि चार तोफखाने. म्हणजे आमच्या काळ्या जमिनीतला कापूस विकून जो सारा भरला जाई, त्यातून दोन हजार घोड्यांची चंदी निघे. १९०२ साली वऱ्हाड वर्षाला पंचवीस लाखांच्या खंडाने कायमचे इंग्रजांकडे गेले, तैनाती फौज हिंदी सैन्यात विरघळली, आणि खंड मात्र शिल्लक राहिला. शिलेदार घोड्यासाठी नालबंदीच्या कर्जात होता. घोडदळाच्या कर्जात पुढे अख्खा प्रांत गहाण पडला. प्रमाण वेगळे, गोष्ट एकच.

त्या तैनाती रिसाल्यांतून निघालेले ‘डेक्कन हॉर्स’ १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोम नदीच्या रणक्षेत्रात, हाय वुडपाशी, भाले घेऊन यंत्रबंदुकांच्या समोर दौडले. युद्ध संपल्यावर शिलेदारी पद्धत सरकारने मोडीत काढली. घरून घोडा आणणारा शिपाई तेथे संपला.

आज काय उरले आहे? शिरूर तालुक्यात एक गाव आहे, आलेगाव पागा. कंपनीच्या मुंबई सरकारनेही घोड्यांच्या पैदाशीसाठी एके काळी हीच जागा निवडली होती. ती पैदास बंद होऊन फार काळ लोटला. नावातली पागा तेवढी राहिली. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार अजून भरतो. तेथे घोडा विकतात तो लग्नाच्या वरातीसाठी, नाचविण्यासाठी, शर्यतीसाठी, हौसेसाठी. आणि भीमथडी घोडा? अलीकडे सरकारी संस्थेने त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु कागदावर जात लागण्यापूर्वी ती जिवंत ठेवली कोणी, हे लक्षात ठेवले पाहिजे. सरदारांनी ठेवली नाही, सरकारने ठेवली नाही. रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांनी ठेवली. मेंढरांच्या मागून चालणाऱ्या त्या लहानशा तट्टाच्या पाठीवर सारा बिऱ्हाडबाजला असतो, भांडी असतात, वाकळ असते, कधी कालच जन्मलेले कोकरू असते. त्या घोड्याला कुरण विकत घ्यावे लागत नाही, आणि त्याचा धनी त्याला तहाच्या कोणत्याच कलमात हरलेला नाही.