ब्रोकन हिल : माळावरची खाणनगरी

ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिल नावाचे गाव आहे. सिडनीपासून रस्त्याने अकराशे किलोमीटरहून दूर, रखरखीत माळावर. १८८३ साली चार्ल्स रास्प या मेंढ्यांच्या कुरणाच्या राखणदाराला तिथल्या टेकडीत कथील असावे असे वाटले. निघाले शिसे आणि चांदी. १८८५ साली कंपनी उभी राहिली. त्या मुलखात माल वाहत उंट, आणि ते हाकणारे पुष्कळजण तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्येकडचे. तिकडे सगळ्यांना सरसकट अफगाण म्हणत.

आम्हां संघटनेच्या माणसांचे लक्ष मात्र तिथल्या संपांकडे जाते. १८९२ चा संप मोडला, पुढारी तुरुंगात गेले. मे १९१९ मध्ये पुन्हा काम थांबले ते तब्बल दीड वर्ष! मजुरीचा प्रश्न होताच, पण त्याहून मोठा होता छातीचा. दगडाची धूळ फुप्फुसांत, शिशाचे विष अंगात. दीड वर्ष घरोघरच्या चुली कशा पेटल्या असतील, हे ज्याने महिनाभराचा संप चालविला आहे त्यानेच ओळखावे. १९२० मध्ये खाणीत उतरणाऱ्यांना ३५ तासांचा आठवडा मिळाला.

पाण्याचे हाल मात्र चालूच होते. डार्लिंग नदीचे पाणी नळाने यायला १९५२ साल उजाडले. गावाचे नाव लावणारी ती कंपनी तोवर निघूनही गेली होती, १९३९ मध्येच.