गुण्या आणि मुसल्लस : धाराशिवच्या शाळेतील परिभाषेचा इतिहास

घराचा पाया आखताना गवंडी कोपऱ्यापासून एका दोरीवर तीन फुटांची खूण करतो, दुसऱ्या दोरीवर चार फुटांची. दोन खुणांमधले तिरपे अंतर पाच फूट भरले की कोपरा काटकोनात आला असे तो समजतो. हेच विधान शाळेत पायथागोरसचे प्रमेय म्हणून शिकवले जाते. तेथे ते सिद्ध होते, पाठ होते आणि गुणपत्रिकेत उतरते. गवंड्याला प्रमेयाचे नाव ठाऊक नसते. विद्यार्थ्याने बहुधा दोरी हातात धरलेली नसते. एकाच गावात, एकाच मराठीत वावरणाऱ्या या दोन ज्ञानांची भेट का होत नाही, हा प्रश्न शिक्षणशास्त्राचा आहेच. परंतु आम्हांला तो तितकाच भाषेचा वाटतो. धाराशिव जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो, म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आणि शिक्षकांपुढे तो मांडण्याचे धाडस करीत आहोत.

तंत्रविषयक ज्ञान या जिल्ह्याला नवे नाही. तेर म्हणजे प्राचीन तगर. ग्रीक प्रवासवर्णनांत उल्लेखलेली ही बाजारपेठ. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची गजपृष्ठाकार वास्तू आजही उभी आहे. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहिला, की पाण्याचा दाब, दगडाचे वजन आणि सांध्यांची जुळणी यांचे पक्के गणित कोणीतरी कोणाला तरी शिकवले होते, हे मान्य करावे लागते. ते शिकवणे शाळेत झाले नाही, कामावर झाले. शिकाऊ हात अनुभवी हाताशेजारी राबत राहिला आणि शब्द अवजाराबरोबर आला.

दुसरीकडे पंतोजींच्या शाळा होत्या. तेथे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतली जात असे. आज आपण या पद्धतीला घोकंपट्टी म्हणून हिणवतो. पण ज्या काळी माप शेर-पायलीत आणि हिशेब अपूर्णांकांत चाले, त्या काळी हे पाढे म्हणजे व्यवहाराचे अवजारच होते. पाठांतराला मागे बाजार होता, म्हणून त्याला अर्थ होता. मात्र गवंड्याची दोरी आणि पंतोजींचा पाढा यांच्यामध्ये जातीची भिंत उभी होती, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाणे आम्हांला मान्य नाही.

विसाव्या शतकात या जिल्ह्यात तिसरी गोष्ट आली : राज्याची शाळा आणि तिची परिभाषा. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१७ मध्ये मीर उस्मान अली खान यांनी विद्यापीठाला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ग्रंथांच्या भाषांतरासाठी दारुल तर्जुमा हा विभाग स्थापन झाला. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ अस्तित्वात आले. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच शक्य आहे असे सर्वत्र मानले जात असताना या विद्यापीठाने गणित, विज्ञान, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवण्याचे ठरवले. मौलवी अब्दुल हक यांच्यासारखा भाषापंडित दारुल तर्जुमाच्या प्रमुखपदी होता. पारिभाषिक शब्द अरबीतून घ्यावेत, इंग्रजी शब्द तसेच ठेवावेत की उर्दूच्या देशी घडणीतून नवे करावेत, यावर तेथे गंभीर वाद झाले. वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ मध्ये परिभाषा घडवण्याच्या तत्त्वांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. उर्दूची प्रकृती आर्यभाषांची आहे, तेव्हा शब्दही त्या प्रकृतीने घडले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. भारतीय भाषेत आधुनिक विज्ञान मावते की नाही, या शंकेला उस्मानियाने कृतीने उत्तर दिले. त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पण या उत्तराला एक दुसरी बाजू होती. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला काही जागा असली, तरी माध्यमिक शाळेची वाट उर्दूतून जात होती. मराठवाड्यातल्या मराठी मुलापुढे त्रिकोण ‘मुसल्लस’ होऊन आला, कोन ‘जाविया’ होऊन, वर्तुळ ‘दायरा’ होऊन आणि गुरुत्वाकर्षण ‘कशिश-ए-सिक्ल’ होऊन. ‘मुसल्लस’मध्ये अरबीतला ‘तीन’ दडलेला आहे. पण ते ऐकू येण्यासाठी अरबीचा कान लागतो. हैदराबादच्या विद्वानासाठी जे भाषेचे स्वातंत्र्य होते, ते धाराशिवच्या कुणब्याच्या मुलासाठी आणखी एक परकी भाषा ठरले. इंग्रजीच्या जोखडातून सुटण्याचा एक मोठा प्रयोग दुसऱ्या कोणासाठी जोखड झाला. इतिहासातला हा विरोधाभास नीट पाहिला, तर भाषेच्या अभिमानाविषयी आपण थोडे सावध होऊ.

या परिस्थितीला जिल्ह्यातूनच एक उत्तर दिले गेले. आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू झाली. असहकाराच्या चळवळीने देशभर ज्या राष्ट्रीय शाळा निघाल्या, त्यांच्याच कुळातली ही. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजे पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, १९२९ मध्ये तेथे मुख्याध्यापक झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या शाळेचा उल्लेख कार्यकर्ते घडवणारी शाळा म्हणून होतो आणि तो योग्यच आहे. पण मराठी मुलाला मराठीतून शिकवणे ही साधी वाटणारी गोष्टच संस्थानात राजकीय कृती ठरत होती, हेही लक्षात घ्यायला हवे. वर्गातला शब्द कोणाचा, या प्रश्नाला सत्तेचा प्रश्न चिकटलेला असतो. तो हिप्परग्याने उघड केला.

मराठीतून शिकवायचे, तर मराठीतले शब्द कोठून आणायचे? ही तयारी शंभर वर्षांपूर्वीच मुंबईत सुरू झाली होती. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनी तेथे मराठी आणि गुजरातीतून अभियंते तयार करणारी संस्था चालवली व शास्त्रींच्या मदतीने गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. त्या काळी आणि पुढेही आधार मुख्यतः संस्कृतचा घेतला गेला. काटकोन त्रिकोणाच्या तिरप्या बाजूला आपण आजही ‘कर्ण’ म्हणतो, तो भास्कराचार्यांच्या परंपरेतला शब्द आहे. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषा कोशांचे काम मार्गी लागले. १९६७ मध्ये बालभारती आली. मुसल्लस पुसला गेला आणि फळ्यावर त्रिकोण आला. समांतरभुज, समद्विभुज, समलंब हे शब्द नेमके आहेत, घडणीने सुंदर आहेत. पण संस्कृतचा कान नसलेल्या घरातल्या मुलाला ‘समद्विभुज’ हा ‘मुसल्लस’इतकाच लांबचा वाटू शकतो, ही गोष्ट आपण मराठीचे अभिमानी सहसा बोलत नाही. भाषा मराठी झाली. परिभाषा मात्र पुन्हा वरून खालीच आली.

या सगळ्या स्थित्यंतरांतून एक शब्द मात्र वेगळ्या वाटेने शाळेत शिरला. कंपासपेटीतल्या त्रिकोणी पट्टीला मराठी पाठ्यपुस्तक ‘गुण्या’ म्हणते. हा शब्द कोणत्याही समितीने घडवलेला नाही. तो सुतार-गवंड्यांच्या हातातून आला. फारसीत तो ‘गुनिया’ आहे आणि तेथे तो ग्रीक ‘गोनिया’वरून, म्हणजे कोन या अर्थाच्या शब्दावरून आला, असे सांगतात. ग्रीस, इराण, दख्खन असा प्रवास करून आलेला हा शब्द ना उर्दू अभिमानाचा, ना संस्कृत अभिमानाचा. तो अवजाराबरोबर आला आणि अवजारामुळे टिकला. ओळंबा, रंधा, गुण्या या शब्दांना व्याख्या लागत नाही. ओळंब्याची दोरी एकदा हातात धरली, की ‘लंब’ म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्ध्याला नई तालीमची कल्पना मांडली, तिच्या मुळाशी हीच जाण होती : हस्तोद्योग हा शिक्षणाचा पूरक भाग नव्हे, तर माध्यम आहे. त्या योजनेची आखणी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष डॉ. झाकिर हुसेन हे जन्माने हैदराबादचे, हा योगायोग मनोरंजक आहे. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली, तो आपल्या वेळापत्रकातही आला. पण बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ कागदाची फुले आणि खडूच्या कांड्या एवढाच उरला. गणिताच्या तासाला गवंडी आला नाही आणि कार्यानुभवाच्या तासाला गणित आले नाही.

ही ताटातूट किती महाग पडू शकते, याचा विचार करताना आम्हांला ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट टाळता येत नाही. किल्लारी आणि सास्तूर या नावांनी महाराष्ट्राच्या स्मरणात राहिलेल्या भूकंपात आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मेली. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने प्रचंड नव्हती. माणसे मेली ती मुख्यतः घरांखाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधून ठेवणारे आरपार लांब दगड बहुसंख्य घरांत नव्हते; वर माळवदाच्या मातीचा भार होता. थर सुटले आणि घर आत कोसळले. दोष एकट्या गवंड्यांवर टाकणे अन्यायाचे होईल. शास्त्रज्ञांच्या नकाशातही हा प्रदेश तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. पण दोन्ही थर आरपार दगडाने बांधावेत हा दगडी बांधकामाचा जुनाच नियम. तो हातांमधून निसटत गेला, तेव्हा त्याला धरून ठेवणारे पुस्तक नव्हते आणि शाळाही नव्हती. शाळेत बल आणि भार यांच्या व्याख्या शिकवल्या जात होत्या. त्या गावच्या भिंतीपर्यंत पोहोचत नव्हत्या.

नंतरच्या पुनर्वसनात वेगळे काही घडले. गवंड्यांना भूकंपरोधक बांधणीचे प्रशिक्षण दिले गेले, आणि गावोगावच्या स्त्रियांनी संवाद-सहायक म्हणून काम करताना भिंतीचे पट्टे, कोपऱ्यांची जोडणी, छपराचे वजन यांविषयी घराघरांत समजावून सांगितले. तंत्राची भाषा प्रथमच उंबरठ्यावर बोलली गेली. शिकवणाऱ्याने जे सांगितले ते ऐकणाऱ्याला आपल्याच भिंतीवर बोट ठेवून तपासता येत होते. अध्यापनाची याहून चांगली पद्धत आम्हांला ठाऊक नाही. दुःख एवढेच की तिला अशा प्रसंगाची वाट पाहावी लागली.

आज जिल्ह्याला धाराशिव हे जुने नाव परत मिळाले आहे. फळ्यावर मात्र सेमी-इंग्रजीचा ‘ट्रँगल’ उभा आहे. शंभर वर्षांत मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल अशी तीन नावे झाली. आम्ही यांपैकी एकाची बाजू घेऊन भांडायला बसलेलो नाही. मराठीतून शिकवले जावे असे आम्हांला वाटतेच. पण नुसते नाव बदलल्याने विषय जवळ येत नाही, हाच या इतिहासाचा धडा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे असे म्हटले आहे. त्या दहा दिवसांचीही कागदी फुले होऊ नयेत, तर गणिताच्या शिक्षकाने मुलांबरोबर पाया आखायला जावे आणि मराठीच्या शिक्षकाने गवंड्याचे शब्द वहीत उतरवून घ्यावेत. तीन, चार आणि पाच फुटांची ती दोरी मुलाच्या हातात एकदा आली, की त्रिकोणाला कोणत्या नावाने हाक मारायची, हे ठरवायला सवड मिळेल.