पुलाखालचा गाळ आणि वसाहतीचा कायदा

20 ऑगस्ट 2022 रोजी पंजाब-हिमाचल सीमेवरील चक्की नदीला पूर आला आणि पठाणकोट-जोगिंदरनगर या अरुंदमापी लोहमार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. नदीतील वाळू-गोट्यांच्या बेकायदा उपशामुळे खांबांचे पाय उघडे पडत आहेत, अशी तक्रार त्या भागातले लोक आधीपासून करीत होते. आपल्याकडे खाणकाम आणि पूल यांचा एकत्र उल्लेख होतो तो बहुधा असाच: उपसा वाढतो, नदीचा तळ खाली जातो आणि पूल पडतो.

एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया या ब्रिटिश वसाहतीत याच्या नेमके उलट घडत होते. तेथे तळ वर चढत होता आणि पूल गाळात बुडत होते. त्या गाळाला आवर घालण्याच्या सरकारी प्रयत्नांची कथा पन्नास वर्षे चालली. नदी आणि कायदा यांची चाल किती वेगळी असते, हे तिच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

व्हिक्टोरिया ही स्वतंत्र वसाहत झाली 1851 मध्ये, आणि सोने सापडले तेही त्याच वर्षी. सुरुवातीचे सोने ओढ्यांच्या काठी वरवरच्या मातीत होते. ते संपल्यावर खाली चिकणमाती लागली. ती फोडण्यासाठी बेंडिगो येथे 1854 च्या सुमारास एक साधे यंत्र प्रचारात आले. जमिनीत गोल चर खणायचा, मध्यभागी खुंट रोवायचा, चरात माती आणि पाणी टाकायचे आणि घाण्याच्या बैलाप्रमाणे घोड्याला भोवती फिरवायचे. त्याच्यामागून ओढला जाणारा दाताळ माती ढवळीत जाई. सोने जड, म्हणून ते तळाशी बसे. वरचा पातळ राडा ओढ्यात सोडून दिला जाई. एका यंत्राचा राडा ओढा पचवू शकला असता. यंत्रे शेकडो झाली तेव्हा ओढ्याचाच राडा झाला.

येथे थोडे भौतिकशास्त्र. प्रवाहाची गाळ वाहण्याची शक्ती त्याचा वेग, खोली आणि उतार यांवर ठरते. डोंगरउतारावर वेगाने धावणारे पाणी सपाटीवर आले की मंदावते आणि अंगावरचे ओझे खाली टाकते. पात्र भरत जाते. पुलाची कमान मात्र जागची हलत नाही. बांधताना तिच्याखाली पुराच्या पाण्यासाठी जेवढी मोकळीक ठेवलेली असते, ती तळ चढेल तशी आक्रसत जाते. पूर येतो तेव्हा पाणी कमानीखालून जाण्याऐवजी पुलाला वळसा घालते, रस्ता कापते आणि शेतात शिरते. पूल मोडला नाही तरी निकामी होतो. व्हिक्टोरियाच्या सुवर्णक्षेत्रांत मोऱ्या बुजल्या, रस्ते आणि पूल गाळाखाली गेले, घरांत चिखल शिरला. खरे तर प्रत्येक पूल हा नदीत रोवलेली एक मोजपट्टीच होता. पण ती मोजपट्टी म्हणून वाचण्याची सरकारला गरज वाटली नाही.

सरकारने 1858 मध्ये एक शाही आयोग नेमला आणि पुढच्याच वर्षी त्याचा अहवाल आला. ‘सुवर्णक्षेत्रांतून गाळ हटविण्याची उत्तम पद्धत’ शोधणे, हे त्याचे काम. हे शब्द नीट वाचावेत. गाळ थांबवावा कसा, हा प्रश्नच विचारला गेला नव्हता. प्रश्न होता तो हटवावा कसा. हटवून कोठे न्यावा, हेही त्या वाक्यात नाही. उत्तर प्रश्नाला साजेसेच निघाले: गाळवाहिन्या खणाव्यात. बेंडिगोचा ओढा उत्तरेकडे एप्सम आणि हंटलीच्या सपाटीवर उतरतो. गाळही त्याच वाटेने तेथे जाऊन पसरला. शहराची अडचण कमी झाली, आणि जी कमी झाली ती खालच्या शेतकऱ्याकडे गेली.

असे का झाले, हे समजून घेण्यासाठी वसाहतीचे राजकारण पाहावे लागते. 1854 अखेरच्या युरेका उठावानंतर खाणकामगाराला वर्षाला एका पौंडात परवाना मिळू लागला आणि त्यासोबत मताधिकारही. सोने हा वसाहतीचा प्राण, आणि सोने काढणारा आता मतदार. नदीकाठचा शेतकरी न्यायालयात जाऊ शकत होता, पण तेथे त्याची गाठ एका विचित्र अडचणीशी पडे. आपल्या शेतावर साचलेला चिखल वरच्या शेकडो चरांपैकी नेमक्या कोणाचा, हे तो कसे सिद्ध करणार? पाणी सर्वांचा गाळ एकत्र करते, आणि एकत्र झालेल्या अपराधाला मालक उरत नाही. रस्ते आणि पूल सांभाळण्याचे काम शायर म्हणजे ग्रामीण स्थानिक मंडळांकडे होते. खाणीचा परवाना एक सरकार देई. पुलाचा खर्च दुसऱ्याच्या वहीत पडे.

दरम्यान तंत्र बदलले. उंचावरून नळांतून आणलेल्या पाण्याच्या प्रचंड फवाऱ्याने डोंगरच्या डोंगर धुऊन काढण्याची पद्धत बीचवर्थसारख्या भागांत रुळली. 1886 मध्ये गाळाच्या प्रश्नावर पुन्हा चौकशी मंडळ नेमले गेले. लॉडन नदीवर लानकूरी येथे 1891 मध्ये सिंचनासाठी बंधारा पुरा झाला आणि पुढील काही दशकांत त्याच्या साठवणक्षमतेचा मोठा वाटा गाळाने खाल्ला. शेतीसाठी खर्च केलेल्या सरकारी पैशावर सरकारनेच परवाना दिलेला गाळ येऊन बसला, तेव्हा कुठे शेतकऱ्यांच्या तक्रारीला वजन आले. 1904 च्या खाण कायद्याने गाळ-निवारण मंडळ स्थापण्याची तरतूद केली. 1905 पासून काम करू लागलेल्या या मंडळाला खाणींची तपासणी करण्याचे आणि गाळ पात्रात न सोडता अडवून ठेवायला लावण्याचे अधिकार होते. गंमत अशी, की तोवर व्हिक्टोरिया वसाहत राहिलीच नव्हती. 1901 मध्ये ती ऑस्ट्रेलियन संघराज्याचे राज्य झाली होती. वसाहतीच्या सरकारने आपल्या हयातीत प्रश्नाच्या चौकशा केल्या; आवर घालणारे मंडळ तिच्या पश्चात आले.

शेजारच्या न्यूझीलंडने अधिक प्रामाणिक, म्हणून अधिक निष्ठुर मार्ग घेतला. 1895 मध्ये तेथील सरकारने ओहिनेमुरी नदीला राजपत्राद्वारे अधिकृत ‘गाळवाहिनी’ घोषित केले. नदी आता कायद्यानेच गटार झाली. वाइकिनो येथील व्हिक्टोरिया बॅटरीत 200 मुसळे दगड कुटीत असत आणि सायनाइडने सोने काढून घेतलेली ती भुकटी नदीत जाई. खाली पैरोआ गावाशी पात्र भरले आणि पुरांचा त्रास वाढला. अखेर 1910 मध्ये चौकशी आयोग नेमून नदीसुधारणेचा कायदा करावा लागला.

गाळ थांबविला की पूल सुरक्षित होतो का? याचे उत्तर अमेरिकेतून आले. कॅलिफोर्नियात 1884 च्या न्यायालयीन निर्णयाने फवाऱ्याच्या खाणकामाचा राडा नद्यांत सोडण्यास मनाई झाली. भूशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी नंतर तेथील नद्यांच्या नीचतम जलपातळीच्या जुन्या नोंदी तपासल्या आणि 1917 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. मेरीस्विल गावाशी युबा नदीचा तळ बंदीनंतरही सुमारे दोन दशके चढतच राहिला होता. गाळ नदीतून लाटेसारखा सरकतो. वरची खाण बंद झाली तरी निघालेली लाट वाटेतच असते. न्यायाधीशाने खाण थांबविली, पण नदीने आधीच उचललेले ओझे थांबविणे त्याच्या हाती नव्हते.

ही लाट दोन्ही दिशांनी खरी आहे. वाळू काढून घेतली की तिची भूक भागविण्यासाठी प्रवाह तळ खरवडतो आणि ती झीज उपशाच्या खड्ड्यापासून वर-खाली सरकत जाते. म्हणून पुलापासून अमुक अंतरावर उपसा नको, एवढा नियम पुरा पडत नाही. भारत सरकारच्या 2020 च्या वाळू-उपसा देखरेख मार्गदर्शक सूचनांत पुनर्भरणाचा अभ्यास सांगितला आहे तो यासाठीच: पावसाळ्यात नदीने किती वाळू परत आणली, हे मोजल्यावाचून किती काढावी हे ठरवता येत नाही.

व्हिक्टोरियातील अनेक नद्यांच्या दरडींत आजही तो काळ दिसतो. खाली जुन्या जमिनीची काळसर माती, आणि तिच्यावर फिकट रंगाचा, थरांथरांचा खाणींचा गाळ. प्रत्येक पुरात त्याचा काही भाग सुटतो आणि खालच्या पुलाकडे निघतो.