झहीर महाराष्ट्राकडून खेळला असता तर?

महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला तो 1939-40 आणि 1940-41 मध्ये. त्यानंतर नाहीच! म्हणून आम्हा नगरकरांचं लाडकं जर-तर: आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बडोद्याऐवजी महाराष्ट्राकडून खेळला असता तर? 2000-01 ची रणजी त्याच्या बडोद्याने जिंकली, म्हणजे ती आपलीच झाली असती की.

पण प्रयोगात आपण एका वेळी एकच घटक बदलतो. इथे किती बदलतायत बघा. झहीर आधी मुंबईला गेला, मग चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला, मग बडोदा. ही वाट पुसली तर हाती झहीरच उरत नाही.

त्यापेक्षा डिसेंबर 1948 घ्या. पुण्यात काठियावाडविरुद्ध भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनचा विक्रम 452 चा. लंचला काठियावाडच्या कर्णधाराने सामनाच सोडून दिला. इथे बदलायच्या त्या फक्त लंचनंतरच्या दोन-चार ओव्हर. फलंदाज तोच, गोलंदाज तेच. जर-तर असं हवं.

आणि परिणामही मोजता येतो: 1959 मध्ये हनीफ मोहम्मदने 499 करेपर्यंत, म्हणजे दहा वर्षं, विश्वविक्रम निंबाळकरांच्या नावावर राहिला असता. रणजी मात्र तेव्हाही मुंबईनेच नेली असती. उपांत्य सामन्यात आपण त्यांच्याकडूनच हरलो.