ऌ (मराठी वर्णमालेतील स्वर)

ऌ : देवनागरी वर्णमालेतील एक ऱ्हस्व स्वर. क्रमाने ऋ नंतर आणि ए च्या आधी येतो. मराठीत त्याचा उच्चार ‘लु’ला जवळचा होतो, जुन्या पिढीने ‘रु, रू, लु, लू’ अशा ठेक्यात जी मुळाक्षरे घोकली, त्यातला हा तिसरा. व्यंजनाला जोडताना त्याची ॢ ही खूण अक्षराच्या पायाशी लागते. रूढ मराठीत ती एकाच शब्दात लागते : कॢप्ती. ऌ ने सुरू होणारा रूढ शब्द तर एकही नाही. तरी शालेय व्याकरणांनी त्याला सोडलेले नाही. ४८ वर्णांच्या परंपरागत मोजणीतल्या १२ स्वरांत तो असतोच. ॲ आणि ऑ धरून स्वर १४ झाले तेव्हाही त्याची जागा हलली नाही. बाराखडीत मात्र त्याला प्रवेश नाही. मुले वर्णमालेत त्याला भेटतात आणि बाराखडीपर्यंत विसरतात.

अशा वर्णाला कोशात स्वतंत्र नोंद द्यावी, की ऋ च्या नोंदीत दोन ओळींत उरकावे? हा प्रश्न संपादकांनी शोधून काढलेला नाही. पाणिनीच्या १४ प्रत्याहारसूत्रांपैकी दुसऱ्या सूत्रात ऋ आणि ऌ एवढे दोनच स्वर आहेत, आणि त्यावर लिहिताना कात्यायन आणि पतंजली (इ.स.पू. दुसरे शतक) यांनी नेमके हेच विचारले : ऌ ला यादीत घेण्याचे कारण काय? पतंजलीचा पूर्वपक्ष बोचरा आहे. या वर्णाचा वापर अगदी थोडा, आणि आहे तोही कॢप् या एकाच धातूत. शिवाय धातुपाठात हा धातू ‘कृप्’ असाच दिला आहे, त्यातल्या र चा ल करणारा नियम आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात (८.२.१८) येतो. अष्टाध्यायीच्या शेवटच्या तीन पादांतले नियम आधीच्या नियमांच्या दृष्टीने ‘असिद्ध’, म्हणजे घडलेच नाहीत असे धरायचे असतात. त्यामुळे आधीच्या सगळ्या नियमांना समोर ऋ च दिसतो. मग ऌ सांगण्याचे श्रम कशाला?

उत्तरादाखल कारणे पुढे येतात. पहिले, कोणी आपल्या मुलाचे नाव मन मानेल तसे ‘ऌतक’ ठेवले, तर त्या नावाला संधिनियम लागायला हवेत. दुसरे कारण या साऱ्या चर्चेतले सर्वांत जिवंत आहे. एका बाईला ‘ऋतक’ म्हणायचे होते, जीभ वळली नाही, तिच्या तोंडून ‘ऌतक’ निघाले. ती काय म्हणाली हे दुसरा कोणी सांगू लागला, तर त्याला तिचा चुकलेला शब्द जसाच्या तसा उच्चारावा लागेल. चूक ही चूक खरी, पण चुकीची नक्कल ही चूक नव्हे. तेव्हा नक्कल करणाऱ्याच्या वाक्यातल्या संधीची सोय व्याकरणाने केली पाहिजे. तिसरे कारण तांत्रिक आणि सर्वांत भक्कम : प्लुत, म्हणजे हाक मारताना स्वर लांबवणे, यासारखी काही कार्ये ८.२.१८ च्याही पुढे सांगितलेली आहेत. तिथे ऋ चा ऌ होऊन गेलेला असतो, आणि त्याला स्वर म्हणून मान्यता नसेल तर नियम लागू होत नाही. पहिल्या कारणावर पतंजलीच्या महाभाष्यातच आक्षेप आहे. मन मानेल तसे ठेवलेले नाव हा खरा शब्दच नव्हे, असे एक मत तिथे मांडले आहे. पुढे कात्यायनाने ऋ आणि ऌ यांना परस्परांचे सवर्ण ठरवले, म्हणजे ऌ ला ऋ च्या घरातच बसवले. एका धातूपुरत्या वर्णावर इतकी चर्चा दुसऱ्या कोणत्या भाषेत झाली असेल असे वाटत नाही. ती मराठीतून वाचता येते : वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे महाभाष्याचे भाषांतर पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने खंडशः प्रसिद्ध केले.

धातू एकच असला तरी त्याची संतती मोठी आहे. जसा कृ चा गुण होऊन ‘कर’ होतो, तसा कॢप् चा ‘कल्प्’ होतो. कल्पना, कल्पक, संकल्प, विकल्प आणि दर वर्षी विधिमंडळात मांडला जाणारा अर्थसंकल्प हे सगळे याच मुळाचे. या शब्दांत ऌ दिसत नाही, कारण त्याचा ‘अल्’ झालेला असतो.

भाषेबाहेर ऌ ला एकदा मोठा मान मिळाला. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये संख्या अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत मांडली, तीत व्यंजन म्हणजे अंक आणि स्वर म्हणजे स्थान. अ म्हणजे एक, इ म्हणजे शंभर, उ म्हणजे दहा हजार, ऋ म्हणजे दहा लाख. तेव्हा ऌ म्हणजे दहा कोटी. एका महायुगात पृथ्वी स्वतःभोवती १,५८,२२,३७,५०० वेळा फिरते, ही संख्या देताना त्याने ‘णॢ’ हे अक्षर वापरले आहे. ण हे पंधरावे व्यंजन, म्हणून णॢ म्हणजे १५० कोटी. उच्चारायला अशक्यप्राय, पण ऌ वगळला असता तर कोटींची ही पायरीच निखळली असती.

प्राकृतात ऋ आणि ऌ दोन्ही गळाले. वररुचीच्या प्राकृत व्याकरणात कॢप्त या शब्दासाठी स्वतंत्र सूत्र आहे. त्याचे प्राकृत रूप ‘किलित्त’. महाराष्ट्रीपासून मराठीपर्यंत जी वाट येते तिच्यावर ऌ कुठेही नाही. तो मराठीत आला तो संस्कृत शब्दासोबत, पाहुणा म्हणून. अशोकाच्या शिलालेखांतही तो नाही, आणि असण्याचे कारणही नाही, कारण त्या लेखांची भाषा प्राकृत. जपानमधील होर्यूजी मठात जपलेल्या प्राचीन ताडपत्रावरच्या वर्णमालेत मात्र तो ऋ, ॠ आणि ॡ यांच्यासह दिसतो.

मराठीत त्याच्या एकुलत्या एका शब्दाचीही गत विचित्र आहे. बहुतेक जण तो ‘क्लृप्ती’ असा लिहितात, म्हणजे क ला ल जोडून खाली ऋ ची खूण. ज्या शब्दासाठी वर्ण राखला तो शब्द बहुधा त्या वर्णाविना लिहिला जातो. उच्चार दोन्हींचा सारखाच, ‘क्लुप्ती’. पण कोशाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. कॢप्ती असे लिहिले तर शब्द कृष्ण, कृषी यांच्या पाठोपाठ आणि केळ, केस यांच्या आधी बसतो. क्लृप्ती लिहिले तर तो जोडाक्षरांत, क्लीब आणि क्लेश यांच्या मध्ये जातो. मधे के पासून क्रौर्यापर्यंतची पाने आहेत. ज्या कोशात एका जागेहून दुसरीकडे ‘पहा’ असे दिलेले नाही, तिथे वाचक शब्द नाहीच असे समजून कोश मिटतो. खिळ्यांच्या छपाईत कॢ साठी वेगळा खिळा लागे. युनिकोडने ऌ ला आणि त्याच्या खुणेला स्वतंत्र जागा दिल्या आहेत, त्यामुळे ती अडचण आता कळफलकावर खूण शोधण्यापुरती उरली आहे.

आता निवाडा. कोशकारांच्या हातून अक्षरांवरच्या नोंदी बहुतेक वेळा क्रम भरून काढण्यासाठी होतात. केतकरांच्या ज्ञानकोशाने अक्षरांच्या वळणांचा इतिहास नोंदींतून दिला, तो हेतू समजण्याजोगा होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये हाती घेतलेला संस्कृतचा महाकोश दशकानुदशके ‘अ’मध्येच रमला आहे, तिथे ऌ ची पाळी कधी यायची याची चिंता आज कोणी करू नये. पण वर्णमालेत नाव आहे एवढ्यावर नोंद देणे बरोबर नाही, आणि वापर थोडा म्हणून नाकारणेही बरोबर नाही. त्या शीर्षकाखाली असे काही सांगता येते का, जे दुसऱ्या नोंदीत कोंबले तर तिचाच तोल जाईल, एवढे पाहावे. महाभाष्यातला वाद आणि आर्यभटाचे १५० कोटी ऋ च्या नोंदीत नीट बसत नाहीत. म्हणून ऌ ला नोंद द्यावी, आणि ती ऋ पेक्षा मोठी झाली तरी लाजू नये.

हीच कसोटी उलट्या बाजूने, म्हणजे वर्णमालेत नसलेल्या पण रोज बोलल्या जाणाऱ्या ल्ह ला, लावली की भिवंडी तालुक्यातले काल्हेर आठवते. ठाण्याहून भिवंडीकडे निघून खाडीवरचा कशेळीचा पूल ओलांडला की कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ ही गोदामांची गावे लागतात. इथल्या आगरी बोलीत ळ चा ल होतो, तेव्हा गावकऱ्याच्या तोंडी कशेळीची कशेली आणि राहनाळचे राहनाल होते. काल्हेरमधला ल्ह मात्र शाबूत राहतो. रोमन पाटीवर तो एल आणि एच असा फुटतो आणि बाहेरून आलेला माणूस ‘कालहेर’ वाचून मोकळा होतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या स्थानकांतही हे नाव असल्याने असे वाचणारे वाढणारच. साल्हेर, मुल्हेर, कोल्हापूर, जिल्हा, वल्हे आणि काल्हेरजवळच्या खाडीला पाणी देणारी उल्हास नदी, सगळीकडे हाच ध्वनी आहे.

लिहिताना हे जोडाक्षर, पण कान त्याला एकच वर्ण मानतो. पुरावा वृत्तात मिळतो. ‘कल्पना’मध्ये पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने क गुरू होतो. ‘कल्हई’तला क लघूच राहतो, जसा ‘तुम्ही’तला तु. जोडाक्षर असूनही आघात येत नाही, कारण ल आणि ह वेगळे उच्चारले जात नाहीत. ल च श्वासासकट निघतो, जसा क श्वासासकट निघाला की ख होतो. ख ला वर्णमालेत घर मिळाले, ल्ह ला नाही, कारण वर्णमाला संस्कृतच्या मापाने बेतलेली आहे. म्ह, न्ह, व्ह यांचीही तीच तक्रार. ऌ यादीत आहे आणि तोंडात नाही. ल्ह रोज तोंडात आहे आणि यादीत नाही.

तेव्हा ल्ह लाही स्वतंत्र नोंद हवी, जोडाक्षरांच्या नोंदीतला एक परिच्छेद पुरणार नाही. तिची जागा ल च्या अखेरीस, व सुरू होण्याआधी. दीर्घ ॡ ला मात्र नोंद नको. संस्कृतातही तो शब्दांत येत नाही. सिद्धांतकौमुदीत ऌ ला दीर्घ रूप नाही असे धरूनच त्याचे १८ ऐवजी १२ भेद मोजले आहेत. वर्णमालेची जोडी पुरी करायला आणि मंत्रशास्त्रातल्या मातृकांच्या यादीत तो उरला आहे. त्याच्यापुढे ‘ऌ पहा’ एवढे लिहावे.