दुचाकी, शिरस्त्राण आणि पुणे

सायकलींचे शहर ही पुण्याची जुनी ओळख. स्वयंचलित दुचाकींचे शहर ही आजची. या स्थित्यंतराचा एक धागा आकुर्डीच्या कारखान्यापर्यंत जातो. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली, तेव्हा परवाना-पद्धतीमुळे उत्पादन मर्यादित होते व ग्राहकास वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे. असे लाभलेले वाहन हौसेपुरते न राहता कुटुंबाचा आधार बनले.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाने शिरस्त्राण आवश्यक ठरविले. अमेरिकेत स्वारांच्या संघटनांच्या दबावामुळे १९७६ साली केंद्राने राज्यांवरील अशा सक्तीचा आग्रह सोडला होता. पुण्यातही जानेवारी २०१९ मध्ये सक्तीविरुद्ध मोर्चा निघाला. काही आंदोलकांनी पुणेरी पगडी घातली होती. दोन्हीकडे घोष स्वातंत्र्याचाच. परंतु तिकडील चळवळीत हौशी स्वार अग्रभागी होते, येथे नित्याचा प्रवासी.

२०२१ साली मांजरी बुद्रुक महापालिकेत समाविष्ट झाले. हद्दीबरोबर रोजची अंतरेही वाढतात. २०२० साली आलेल्या विजेवरील ‘चेतक’ने धूर टळेल, मस्तक सुरक्षित होणार नाही. त्यासाठी शिरस्त्राण हवेच. पण स्वाराचे खरे स्वातंत्र्य उघड्या मस्तकात नसून, दुचाकी घरी ठेवून वेळेवर येणाऱ्या बसने जाता येण्यात आहे.